जुन्या कागदांचें मोल

संस्कृत सुभाषितकारांनीं धनाच्या तीन गति सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. सोन्यानाण्याच्या काळीं ही गणना पुरेशी होती. हल्लींच्या कागदी धनाला मात्र आणखी एक चौथी गति प्राप्त झाली आहे. ती म्हणजे विस्मृति. दिलें नाहीं, भोगलें नाहीं, नष्टहि झालें नाहीं, आणि तरीहि हातीं कांहीं नाहीं, अशा स्थितींत किती तरी मध्यमवर्गीय घरांचें द्रव्य ट्रंकेच्या तळाशीं पडून असतें. ज्यास तें ठाऊक होतें तो गेला. जे मागें राहिले त्यांस कागद दिसतो, पण त्याचा अर्थ लागत नाहीं. असा अर्थ कसा लावावा, हें घरच्याच निमित्तानें आम्हांस अलीकडे शिकावें लागलें. ज्यांच्या शिरावर घरांतील जुनें दप्तर आवरण्याचें काम येऊन पडतें, त्या वाचकांच्या तें उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

आमचे वडील बंधु २०१९ सालीं निवर्तले. वहिनी वाईस जुन्याच घरीं मुलगा-सुनेजवळ राहतात. कुटुंबनिवृत्तिवेतन बेताचें, त्यांतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु वाढलेला, आणि घराचें छप्पर दोन पावसाळे गळत होतें. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खालीं काढली ती छपराच्याच कामासाठीं. तींत शेअरांचे दोन दाखले, आमच्या वडिलांच्या वेळचा नोटांचा एक लखोटा, पावत्या आणि पोस्टकार्डें निघालीं. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनीं सगळ्या ट्रंकेचे सरसकट पांच हजार रुपये देऊं केले. पुतण्या देण्यास तयार होता. वहिनींनीं मात्र आम्हांस बोलावणें पाठविलें. म्हणाल्या, "भाऊजी, एवढं एकदां तुमच्या नजरेखालून जाऊं द्या, मग काय तें ठरवूं."

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. अर्थशास्त्राशीं आमचा परिचय कौटिल्याच्या नांवापुरता. परंतु ज्यानें जन्मभर संस्कृत शिकविलें त्यास एक संवय जडलेली असते. ती ही, कीं आधीं पदें तोडावयाचीं आणि मग अन्वय लावावयाचा. तीच रीत आम्हीं येथें चालविली. प्रत्येक कागदास तीन प्रश्न विचारावयाचे. हा कागद कोणाचें देणें दाखवितो? तो देणेदार आज हयात आहे काय? आणि नसल्यास, नुसता कागद म्हणूनच हा कोणास हवा आहे काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीं ट्रंकेचे आपोआप तीन ढीग झाले.

प्रथम नोटांचा लखोटा. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ ची, आणि तिची पहिली नोट १९३८ सालची. सहाव्या जॉर्ज बादशहाचें चित्र असलेली ती पांच रुपयांची नोट होय. आमच्या लखोट्यांत त्याच बादशहाची एक दोन रुपयांची नोट होती, आणि तिच्यावर सही होती चिंतामणराव देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ पासून १९४९ पर्यंत. मूळचे ते आपल्या रायगड जिल्ह्यांतले. मॅट्रिकला संस्कृताची शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविलेले आणि पुढें मेघदूताचें मराठी रूपांतर करणारे. एका संस्कृतज्ञाची सही नोटेवर पाहून आमच्यासारख्या शाळामास्तराचा ऊर भरून आला, हें सांगणें नकोच. परंतु ऊर भरून येणें निराळें आणि बाजारभाव निराळा.

दुसरी नोट अशोकस्तंभाची, हीहि दोन रुपयांचीच. तिच्यावर हिंदींत 'दो रुपया' असें छापलेलें होतें. व्याकरणाच्या मास्तरास ही नोट म्हणजे पर्वणीच! स्वातंत्र्यानंतर नोटांवर हिंदी आली तेव्हां रुपयाचें अनेकवचन काय करावें, यावर वाद झाला होता. १९५३ सालीं नव्या नोटांवर हिंदी ठळकपणें छापण्यांत आली, आणि तो वाद 'रुपये' या रूपाच्या बाजूनें मिटला. त्यामुळें एकवचनी 'दो रुपया' हें थोड्या काळापुरतें राहून गेलेलें रूप ठरलें, आणि संग्राहक तें शोधीत असतात. बाकीच्या तीन नोटा एकेक रुपयाच्या. एक रुपयाची नोट आपल्याकडे प्रथम ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं निघाली. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई झाली म्हणून नाण्याचें काम कागदावर सोंपविलें गेलें. ही नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, आणि तिच्यावर गव्हर्नरांच्या ऐवजीं अर्थखात्याच्या सचिवांची सही असते. १९९४ सालीं तिची छपाई थांबली आणि २०१५ सालीं पुन्हां सुरू झाली. म्हणून "एक रुपयाची नोट आतां मिळत नाहीं, तेव्हां ती लाखमोलाची" हें म्हणणें खरें नव्हे.

मग नोटेचें मोल ठरतें कशावर? पुण्यास नाण्यांचें प्रदर्शन भरलें असतां आम्हीं हा लखोटा दोन निरनिराळ्या व्यापाऱ्यांस दाखविला, आणि विकण्याचें नांव न काढतां नुसतें विचारलें. दोघांचें उत्तर मिळतेंजुळतें होतें. पहिली गोष्ट स्थिति. छापखान्यांतून निघाल्यासारखी कोरी नोट आणि चार घड्या पडलेली नोट यांच्या किंमतींत कित्येक पटींचें अंतर पडतें. दुसरी सही, कारण कांहीं गव्हर्नरांच्या व सचिवांच्या सह्या थोड्याच नोटांवर आल्या. तिसरी क्रमांक आणि त्यापूर्वींचें अक्षर. चौथी, आणि सर्वांत मोठी, ती वस्तु हवी असणारे किती आणि ती शिल्लक किती, हें प्रमाण. केवळ वय पाहून किंमत ठरत नाहीं. आमच्या देशमुखांच्या नोटेस टांचणीचीं भोकें होतीं आणि घडीवर ती विरली होती; ती कांहीं शेंकड्यांच्या घरांतली निघाली. येथें वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. अशा नोटा धुवूं नयेत, इस्त्री करूं नयेत, आणि चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. साफ करण्याच्या हौसेनें उरलेलेंहि मोल जातें. तसेंच, विक्रेत्यानें मागितलेली किंमत आणि लिलावांत प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत महदंतर असतें. पाहावयाची ती दुसरी.

या विषयाची गोडी लागलेल्यांनीं मुंबईस फोर्टमधलें रिझर्व्ह बँकेचें चलन-संग्रहालय अवश्य पाहावें. २००४ सालीं तें उघडलें. नाशिकजवळ अंजनेरी येथें नाणकशास्त्राची संशोधनसंस्थाहि १९८० पासून आहे. ज्ञान अशा ठिकाणीं मिळतें. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या जाहिरातींत मिळतो तो बहुधा गळ. आमच्या पुतण्यास अशीच एक जाहिरात आली होती: ट्रॅक्टरचें चित्र असलेली पांच रुपयांची नोट द्या आणि लाखों रुपये घ्या. तशी नोट घरांत होती. पुढें "नोंदणीपुरते दोन हजार आधीं पाठवा" असा निरोप आला, तेव्हां आम्हीं त्यास विचारलें, "अरे, जो तुला लाख देणार आहे त्यास तुझ्या दोन हजारांची एवढी निकड कां?" तो थांबला. अशा प्रकारांत रिझर्व्ह बँकेच्याच नांवाचा उपयोग होऊं लागल्यावरून ऑगस्ट २०२१ मध्यें बँकेनें लोकांस इशारा दिला होता, कीं आपण असल्या व्यवहारांत नाहीं आणि त्यासाठीं कोणतेंहि शुल्क वा कमिशन आपण मागत नाहीं.

लखोट्याच्या तळाशीं आणखी एक पुडी निघाली. ती वहिनींची होती. तींत पांचशेंच्या सात नोटा होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्यें रद्द झालेल्या. वहिनी खालीं पाहूनच म्हणाल्या, "छोट्याच्या मुंजीसाठीं साठवले होते हो. ठेवले कुठं तेंच आठवेना." येथें आमच्या पहिल्या प्रश्नाचेंच उत्तर नकारार्थी येतें. २०१७ च्या कायद्यानें त्या नोटांवरील रिझर्व्ह बँकेचें देणें संपुष्टांत आलें. अशा नोटा बाळगण्यासहि मर्यादा आहे. एकूण दहापर्यंत, आणि अभ्यास, संशोधन वा संग्रह या कारणांसाठीं पंचवीसपर्यंत, त्यापुढें दंड. सात नोटा मर्यादेंत होत्या. दोन हजारांच्या नोटेचा प्रकार याहून वेगळा. मे २०२३ मध्यें ती चलनांतून मागें घेण्यांत आली, परंतु रद्द केलेली नव्हती. 'मागें घेणें' आणि 'रद्द करणें' या दोन क्रियापदांत घरांतल्या माणसाचा केवढा जीव अडकलेला असतो पाहा!

आतां शेअरांचे दाखले. पहिला मुंबईच्या एका कापडगिरणीचा. जाड कागद, सुरेख वेलबुट्टी, चिमणीचें चित्र. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यानंतर ज्या गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत त्यांपैकीं ही एक. कंपनी विसर्जित झालेली. देणेदारच उरला नाहीं. असा दाखला हक्क म्हणून शून्य. सुंदर छपाईसाठीं एखादा संग्राहक घेईल तेवढेंच त्याचें मोल. अशा जुन्या दाखल्यांचा संग्रह करणारे लोक देशोदेशीं आहेत. कंपनी बुडावी आणि तिचा कागद तरावा, असा हा संसाराचा उलटा न्याय आहे!

दुसरा दाखला दिसावयास अगदींच साधा होता. दादांनीं १९८१ सालीं घेतलेले दहा रुपये दर्शनी किंमतीचे पन्नास शेअर. म्हणजे पांचशें रुपयांचा कागद. दाखल्यावरील नांवाची कंपनी आज कोठेंच सांपडेना. व्यापारी गृहस्थांनीं "ही गेली" असें सांगून टाकलें होतें. परंतु कंपनी मरणें आणि कंपनीचें नांव बदलणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. केंद्र सरकारच्या कंपनी-व्यवहार खात्याकडे नोंद शोधतां तिचें नांव दोनदां बदललें असून ती सुखरूप नांदत आहे, असें दिसून आलें. मग दाखल्यावरचा फोलिओ क्रमांक देऊन कंपनीच्या निबंधकास, म्हणजे शेअरांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेस, पत्र लिहिलें. उत्तर आलें तें दोनदां वाचावें लागलें. मध्यंतरीं कंपनीनें दोनदां एकास एक बोनस दिला होता. म्हणजे पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशें. पुढें दहा रुपयांच्या शेअराचे दोन रुपयांचे पांच केले. म्हणजे दोनशेंचे एक हजार. त्या दिवशींच्या भावानें त्यांची किंमत सुमारें तीन लक्ष ऐशीं हजार रुपये होत होती. सरसकट पांच हजारांत हेंहि जावयाचें होतें!

परंतु पत्राचा उत्तरार्ध निराळा होता. घर पुण्याहून वाईस हलविलें त्यानंतर लाभांशाचे धनादेश जुन्या पत्त्यावरून परत जात राहिले होते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें ओळीनें सात वर्षें लाभांश कोणीं मागितला नाहीं, तर तो लाभांशच काय, पण मूळ शेअरहि 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी' या सरकारी निधीकडे जातात. दादांचे शेअर तेथें गेले होते. वाचकांनीं घाबरूं नये. गेलेले परत मिळतात. मागणीस कालमर्यादा नाहीं, आणि अर्जास शुल्कहि नाहीं. अर्ज संगणकावर भरावयाचा, त्याची प्रत मूळ दाखला व हमीपत्र यांसह कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाची, कंपनीनें पडताळणीचा अहवाल निधीकडे द्यावयाचा, आणि मग शेअर अर्जदाराच्या डीमॅट खात्यांत जमा व्हावयाचे. कागदी दाखला विकून किंवा दुसऱ्याच्या नांवें करून देण्याची सोय नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतींत १ एप्रिल २०१९ पासून बंद झाली. वारसाच्या नांवें करून घेण्याची मात्र चालू राहिली. एका मध्यस्थानें हें सर्व करून देण्यासाठीं तिसरा हिस्सा मागितला होता. जें काम शांतपणें वाचून आणि अर्ज स्वच्छ भरून होतें, त्यास तिसरा हिस्सा कां द्यावा?

येथपर्यंत प्रश्न रुपयांचा होता. यापुढें तो माणसांचा झाला. शेअर दादांच्या एकट्याच्या नांवें, नामनिर्देशन नाहीं, मृत्युपत्र नाहीं. अशा वेळीं वारस कोण तें प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावें लागतें. कागदी शेअरांची किंमत मर्यादेच्या आंत असेल तर न्यायालयाच्या वारसा-प्रमाणपत्रावांचून, इतर वारसांच्या नाहरकतीवर काम होतें. ही मर्यादा सेबीनें २०२२ सालीं दोन लाखांवरून पांच लाखांवर नेली होती, आणि आमचें प्रकरण तींत बसत होतें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवा, मुलगा आणि मुलगी यांचे भाग समान. दादांस एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीनें अकरा वर्षांपूर्वीं घरच्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह केला, तेव्हांपासून ती हुबळीस असते. तिचें येणें नाहीं, पत्र नाहीं. दादांच्या दहाव्यासहि तिला कोणीं कळविलें नव्हतें.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. पुतण्या म्हणाला, "काका, वारस दोनच लिहा, आई आणि मी. ती आपणहून गेली. आईचं औषधपाणी, घराचं छप्पर, सगळं मीच पाहतों. आतां पैसे निघाले म्हणून तिला बोलवायचं?" त्याच्या म्हणण्यांत कष्ट होते, ते आम्ही नाकारीत नाहीं. इतकीं वर्षें मातोश्रींचा भार त्यानेंच उचलला होता. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें, कीं तिच्यावर राग धरण्याचा अधिकार तुला असेल, पण तिला नाहींशी करण्याचा अधिकार कोणासच नाहीं. आणि शपथेवर खोटें लिहिणें आमच्या लेखणीस जमणार नाहीं. तो गप्प बसला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला मुलं किती, तेवढं तरी त्या कागदावर खरं लिहा."

हुबळीस पत्र आम्हींच लिहिलें. त्यांत शेअरांची हकीकत सबंध लिहिली, किंमतीसह. कारण अर्धी गोष्ट सांगून सही मागणें हेंहि खोटेंच. बाराव्या दिवशीं ती स्वतः आली, बरोबर नऊ वर्षांची मुलगी. दारांत येऊन थबकली. वहिनींनीं डोळे बारीक करून पाहिलें. मोतीबिंदुमुळें त्यांस चेहरा ओळखूं येईना, पण आवाज ऐकतांच त्या उठल्या. पुढचें आम्हीं पाहिलें नाहीं. पाण्याचा तांब्या आणण्याच्या निमित्तानें आम्ही आंत गेलों.

तिनें नाहरकतपत्र वाचलें आणि सही केली, परंतु बोलली तें सरळ बोलली. "काका, हे शेअर आईच्या नांवें व्हावेत, तिचे डोळे आणि घर आधीं, याला माझी सही. मी हक्क सोडला असं मात्र कुणी म्हणूं नये. आईच्या माघारीं तिनं आम्हां दोघांना सारखं द्यावं." पुतण्याच्या कपाळावरची आठी गेली नाहीं. तरी संध्याकाळीं भाचीला घेऊन तो कृष्णेच्या घाटावर गेला, आणि परत येतांना तिच्या हातांत पेरूची पिशवी होती. अकरा वर्षांचा अबोला एका दिवसांत संपतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या घरांत तिचें नांव निघत नव्हतें, त्या घरांत तें आतां स्टँपपेपरावर लिहिलें गेलें होतें.

अर्ज गेल्यावर आठ महिन्यांनीं हजार शेअर वहिनींच्या खात्यांत जमा झाले. त्यांतले तीनशें विकून दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि छपराचें काम झालें. उरलेल्यांसाठीं नामनिर्देशन केलें, त्यांत दोन्ही मुलांचीं नांवें घातलीं. शिवाय वहिनींनीं मृत्युपत्रहि केलें. कारण नामनिर्देशित मनुष्य हा मालक नव्हे. वारसांच्या वतीनें माल हातीं घेणारा तो विश्वस्तच, असें सर्वोच्च न्यायालयानें शेअरांच्या बाबतींत डिसेंबर २०२३ मध्यें स्पष्ट केलें. पुष्कळ घरांत या दोहोंची गल्लत होते आणि भावाभावांत वितुष्ट येतें.

वाचकांनीं या सुटींत एवढें करावें. घरांतील कागद काढून एका वहींत यादी करावी: कंपनी, फोलिओ क्रमांक, नांव, पत्ता. पत्ता बदलला असल्यास कळवावा. ज्या कागदाचा अर्थ लागत नाहीं तो फाडूंहि नये आणि घाईनें विकूंहि नये. ही यादी पतीनें पत्नीस आणि पित्यानें मुलांस, मुलींसहि, दाखवून ठेवावी. दादांची ती देशमुखांच्या सहीची नोट वहिनींनीं विकली नाहीं. हुबळीच्या नातीनें मागितली, म्हणून तिला दिली. आणि त्या मुलीनें आम्हांस पहिलाच प्रश्न विचारला तो हा, कीं 'दोन रुपये' इतक्या भाषांत कशाला लिहिलें आहे. तिला तें समजावून देण्यांत आमची एक सबंध दुपार गेली, आणि पुढच्या सुटींत उरलेल्या लिप्या शिकविण्याचें आम्हीं तिला वचन दिलें आहे.